मामाच्या मनगटावर बंद पडणारं घड्याळ

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी दुकान उघडताना, आता हे बंद करायला पाहिजे, असं म्हणतो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. उत्तरेला खिडकी, खिडकीपाशी छातीइतकं उंच टेबल आणि टेबलाच्या कडेला बांधलेली कापडी झोळी. निसटलेला स्क्रू जमिनीवर जाऊ नये म्हणून. पूर्वी महिन्यातून एखादा स्क्रू झोळीत पडायचा, आता दिवसाला दोन-तीन पडतात. प्रत्येक स्क्रूमागे मामाचा एक सुस्कारा असतो, आणि तो मामीला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो.

दुकान बंद करायच्या बोलण्याकडे आम्ही कानाडोळाच करायचो. त्या आठवड्यात मात्र मामाने खरोखरच घड्याळांच्या शोरूमच्या मॅनेजरला चिठ्ठी लिहिली. यापुढे भारी घड्याळं माझ्याकडे पाठवू नका, हात पूर्वीसारखा राहिला नाही. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मामीला सांगितलं, डॉक्टरांचं घड्याळ या खेपेलाही जमलं नाही, तर ही जाईल.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले. घड्याळ ऑटोमॅटिक, वीस वर्षांचं, आणि इतकं महाग की मामी त्याच्याकडे पाहून म्हणाली, एवढ्यात किती जणांच्या दाढा गेल्या असतील. अशा घड्याळाला बॅटरी नसते. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळत जातं. स्प्रिंग पूर्ण भरलेली असेल, तर काढून ठेवलं तरी घड्याळ चाळीस तास चालायला हवं. डॉक्टरांचं मात्र रोज पहाटे बंद.

पहिल्या खेपेला मामाने सगळं खोललं, धुतलं, तेल दिलं, नवी स्प्रिंग घातली. हाताने पूर्ण चावी भरून ठेवलं, तर बेचाळीस तास चाललं. पंधरा दिवसांत डॉक्टर परत आले. तक्रार तीच, वर एक सहानुभूती: "होतं असं. मीसुद्धा एकाची चांगली दाढ काढली होती."

मामाला हे लागलं. दुसऱ्या खेपेला तो भिंग डोळ्याला लावून दोन दिवस त्या घड्याळात बुडून गेला. वजन घासतंय का, चाकांना तेल जास्त झालंय का, स्प्रिंग तिच्या डबीत घसरतेय का. कुठे काही सापडेना. मग त्याने सगळे जुने कारागीर करतात तेच केलं. घड्याळ स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधलं आणि कामाला बसला. पहिला दिवस आधी भरलेल्या चावीवर गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे घड्याळ बंद.

त्या दिवशी मामा टेबलाशी नुसता बसून राहिला. चहा निवला, तो तसाच प्यायला. घड्याळ काढून फळीवर ठेवलं, सोमवारी डॉक्टरांना परत देऊ म्हणाला, आणि ड्रॉवर उघडून चिठ्ठीवर तारीख घातली. तीस वर्षांचं काम संपायला दोन ओळी पुरतात, हे मला तेव्हा कळलं.

आता मामीचं सांगतो. मामी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करते. ती डावखुरी आहे. घड्याळवाल्याची बायको असल्यामुळे तिच्या स्वतःच्या घड्याळाची बॅटरी संपून चार महिने झाले होते. ती रोज आठवण करून द्यायची आणि काम रोज उद्यावर जायचं. शनिवारी तिला उशीर होत होता. फळीवरचं घड्याळ हलवलं तर चालू झालं. तिने काटे लावून ते डाव्या हातात चढवलं आणि डॉक्टरांची सगळी ऐट घेऊन दिवसभर लोकांच्या चादरी झटकल्या.

सोमवारी सकाळी मामा घड्याळ कागदात गुंडाळायला गेला, तर ते टिकटिकत होतं. त्याला वाटलं कान वाजतायत.

"अगं, याला कुणी हात लावला?"

मामीने लपवलं नाही. शनिवारी घातलं होतं, म्हणाली, संध्याकाळी काढून होतं तिथे ठेवलं. मामाचा चेहरा आधी पांढरा पडला. गिऱ्हाईकाचं घड्याळ, लाँड्रीची वाफ! मग तो बोटांवर तास मोजायला लागला. छत्तीस झाले होते आणि घड्याळ अजून चालत होतं.

तो टेबलाशी जाऊन बसला. कामाला बसतो तसा, डाव्या हातात चिमट्याने काहीतरी घट्ट धरून. बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. हात जागचा हलत नव्हता. तीस वर्षांत त्या हाताला न हलण्याचीच तर शिकवण होती.

"तुमच्या हातावर कुठलंही घड्याळ मरेल," मामी दारातून म्हणाली. "जेवायला हाक मारली तरी मानच तेवढी हलते."

डॉक्टर अकराला आले. मामाने घड्याळ समोर ठेवलं आणि विचारलं, आजकाल दिवसभर काय करता? डॉक्टरांनी विचार केला. पेपर वाचतो, म्हणाले. मग पुन्हा विचार केला. दुसरं काही आठवेना. हात हलला तरच हे भरतं, मामा म्हणाला.

"म्हणजे घड्याळ ठीक आहे आणि बिघाड माझ्यात आहे?"

मामा हे टाळू शकला असता. एक पुर्जा बदलला म्हणाला असता, तरी डॉक्टरांनी मान डोलावली असती. त्याने चष्मा पुसला.

"एकटे तुम्हीच नाही, डॉक्टरसाहेब. माझ्याही हातावर बंद पडलं. आमच्या हिच्या हातावर चाललं."

डॉक्टरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग उपाय विचारला. रोज सकाळी चावीचे तीस फेरे, नाहीतर दोन तास पायी फिरणं. डॉक्टर म्हणाले, दिवसातून दोनदा दात घासा हे मी आयुष्यभर सांगितलं, कुणी ऐकलं नाही. आता माझी पाळी. घड्याळ हातात घालून गेले. पायऱ्या उतरताना हात जरा जास्तच हलवत होते.

 दुपारी मामाने मामीचं घड्याळ मागून घेतलं, ड्रॉवरमधून तीच चिठ्ठी काढली, उलटी करून टेबलावर पसरली आणि तिच्यावर घड्याळ उघडलं. नवी बॅटरी बसवली. मागचं झाकण लावताना एक स्क्रू झोळीत पडला. मामाने सुस्कारा सोडला, झोळी चाचपून तो शोधला आणि परत लावला.

"झालं?" आतून मामीने विचारलं.

"झालं," मामा म्हणाला. "चार महिने लागले."