थंड मुलखातला आजार

आक्काचा एक डोळा अधू झाला, तेव्हा निपाणीत सगळ्यांनी तंबाखूच्या धुरळ्याला दोष दिला. डोळा सुधारला, मग पाय जड पडले. वर्षभरात ती भिंत धरून चालू लागली. सासरा म्हणाला, सोंग आहे. खरं दुखणं निघालं तर नांदवू, नाहीतर पोराचं दुसरं लग्न करू, असा शब्द त्यानं चौघांसमोर दिला.

मी तिचा धाकटा भाऊ, शाळेत मास्तर. मोटारीनं तिला बेळगावला नेलं. डॉक्टर विलायतेत शिकलेले. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली.

"लक्षणं पुस्तकातल्यासारखीच आहेत," ते म्हणाले. "पण तो आजार थंड मुलखातला. आपल्याकडे होत नाही." आणि चिठ्ठीवर 'हिस्टेरिया' लिहिलं, म्हणजे दुखणं शरीराचं नाही, मनाचं.

"मग त्या आजाराला सांगा की डॉक्टरसाहेब, निपाणीत लई ऊन हाय म्हणून," आक्का म्हणाली. "वाट चुकून आलाय बिचारा."

ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

सासऱ्यानं चिठ्ठी वाचून घेतली आणि मार्गशीर्षात दुसरी सून आणली.

आक्का आमच्याकडे राहिली. आमच्यात आखडलेलं अंग म्हणजे वात, आणि वाताला शेक. रोज सकाळी मी निर्गुडीचा पाला घालून पाणी कढत करायचो.

"नको रं. हे अंगावर घेतलं की डोळ्याला काय दिसत न्हाय, पाय तर माझे न्हाईतच."

"वात बाहेर पडतोय, आक्का. सोस जरा."

दोन वर्षं तिनं सोसलं. मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही, आणि तिच्या तोंडच्या शब्दावरही नाही. पुढे फार उशिरा एका वैद्यकाच्या पुस्तकात वाचलं, की त्या थंड मुलखातल्या आजारात उष्णतेनं नजर आणि पाय आणखी दुबळे होतात. उष्ण देशांत असे रोगी क्वचित आढळतात, हेही तिथं होतं. आढळणार कसे? आढळलेल्या रोग्याला डॉक्टरच 'तू नाहीस' म्हणून परत धाडत होते.

ती गेली, तेव्हा सासरा हिरवं लुगडं घेऊन आला. आमच्याकडे सवाष्ण गेली की अंगावरचं शेवटचं लुगडं सासरचं असतं.

"आमची सून हाय. आमच्या लुगड्यात जाऊ दे."

मी लुगडं त्याच्या हातात परत ठेवलं.

"सोंगाला लुगडं कशाला, आप्पा?"

आम्ही तिला माहेरच्या लुगड्यात नेलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. त्याला कुणी या म्हटलं नाही.