कोरडा टोनर

आधी रहीमचाचांचं नाव घेते, मग बाकीचं. पांढरकवड्यात आमच्या पार्लरला लागून त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. ते त्या दुपारी दारात येऊन उभे राहिले नसते, तर मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसून रडत कोकणात गेले असते.

त्या दुपारी पार्लरच्या मालकीण मॅडम टोनरची बाटली उजेडाकडे धरून उभ्या होत्या. शेजारी कंपनीचा सेल्समन.

"बाकी पार्लरवाल्या महिन्याले दोन बाटल्या घेतात, मॅडम. तुमची एक दिवाळीपासून सरून नाही राह्यली."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पानी भरून राह्यली का वं तू हिच्यात?"

मी आठवीत शाळा सोडलेली, राजापूरकडची. मावशीच्या ओळखीने इतक्या लांब कामाला आलेली. राहायचं मॅडमच्याच घरी. काम गेलं की छप्परही गेलं.

"नाही हो मॅडम. आईशप्पथ."

सेल्समनने बाटलीतलं थेंबभर बोटावर घेऊन चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "थू! माल ओरिजनल हाय."

"म्हंजे ही लावतच नाही!" मॅडम कडाडल्या.

"लावते! प्रत्येक फेशियलला लावते!" मी ओरडलेच. कारण खरंच लावत होते.

टोनर म्हणजे चेहरा धुऊन झाल्यावर कापसाच्या बोळ्याने फिरवायचं पातळ, वासाचं पाणी. त्याच्यावर मग क्रीम. त्वचेची रंध्रं बंद होतात असं बाटलीवर लिहिलेलं. माझा बाटलीवर पूर्ण विश्वास. छापलेलं होतं ना.

ती कापसाला भाव नसलेली वर्षं. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी घरातच कापूस भरून ठेवलेला. त्याने अंगाला खाज सुटायची आणि बायका लाल तोंडं घेऊन आमच्याकडे यायच्या. मॅडमच्या बैठकीतसुद्धा छतापर्यंत ढीग होता. मी त्याच्या पायथ्याशी झोपायचे. पार्लरमधला मेडिकलचा कापूस संपला तेव्हा मला वाटलं, कापसाच्या गावात कापूस विकत कशाला आणायचा? आमच्याकडे आंबे कोणी विकत घेतं का? मग रोज सकाळी ढिगातून मूठभर कापूस घ्यायचा, त्यातली सरकी वेचायची आणि बोळे वळायचे. कोणाला सांगितलं नाही. नंतर एकदम सांगून शाबासकी घ्यायची होती.

वाटीत टोनर ओतायचा, बोळा बुडवायचा, चेहऱ्यावरून फिरवायचा. उरलेलं परत बाटलीत. (असं कधी करू नये. लिहितानासुद्धा लाज वाटते.) उरायचं जरा जास्तच, पण मी माझ्या हाताचं कौतुक करायचे. गिऱ्हाइकं तर खूश होती. पोस्टातल्या जोशीकाकू डोळे मिटून म्हणायच्या, "किती गार वाटतं गं! रंध्रं बंद होताना मला कळतात."

"लावते ना? मग लावून दाखव," मॅडम म्हणाल्या. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी सेल्समनला खुर्ची दाखवली. "बसा."

"मी? मॅडम, मले अजून मारेगावले जायचं हाय—"

"बसा म्हनते ना!"

बसला बिचारा. मी गळ्याभोवती टॉवेल बांधला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं शिकवल्यासारखं केलं. मॅडमनी त्याच्या गालावर बोट फिरवलं.

"कोरडा ठाक!"

पुन्हा लावलं. पुन्हा कोरडा. तेवढ्यात दारातून हसणं ऐकू आलं. आरडाओरडा ऐकून रहीमचाचा आले होते, दाढीत कापसाचे तंतू घेऊन.

"तो बोळा दाखव बेटा." त्यांनी बोळा पाण्याच्या ग्लासात टाकला. तो बदकासारखा तरंगला. बोटाने दाबला, तर पुन्हा वर.

"कच्चा कापूस हाय हा. याच्यात मेनावानी तेल असते, पानी पीत नाही. मेडिकलचा उकळून धुतलेला असते."

"पन हिले एवढं समजू नये?"

"मॅडम, तुमचं घर कापसानं भरलं हाय. तुमाले समजलं का? ही तं समुंदराकडची पोरगी. हिले कायले बोलता?"

टॉवेल बांधून बसलेल्या सेल्समनकडे पाहून मॅडमनाच हसू फुटलं. मी मात्र रडले.

चाचींनी तोच कापूस धुण्याच्या सोड्यात उकळून वाळवला, चाचांनी पिंजून दिला. ग्लासात टाकला तर दगडासारखा बुडाला.

पुढच्या फेशियलला जोशीकाकूच आल्या. त्यांना पहिल्यांदाच खरा टोनर लागला.

"आई गं! झोंबतंय काहून? काय बदललंस तू? मागचाच लाव ना!"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कॅलेंडरकडे पाहिलं. "मागचाच लाव," त्या म्हणाल्या. मी कच्च्या कापसाचा बोळा उचलला.

आता माझं स्वतःचं पार्लर आहे, तरी सांगते. रंध्रांना दारं नसतात, ती उघडत-मिटत नाहीत. चेहरा नीट धुवा, क्रीम लावा, उन्हात झाका. टोनर तेलकट चेहऱ्याला बरा वाटतो, हौस असेल तर लावा. स्पिरिटवाला कोरड्या चेहऱ्याला झोंबतो. आणि न लावल्याने दिवाळीपासून त्या दुपारपर्यंत एकाही बाईचं काही अडलं नाही, हे मी स्वतःच्या हाताने करून बसले आहे.

चाचांनी कधी काही घेतलं नाही. फुकट फेशियल करते म्हटलं, तर म्हणाले, "माह्या तोंडावर रोज कापूस बसते बेटा, अजून कायले लावते?" त्यांची नात आता पाचवीत आहे. तिने माझ्यासारखी शाळा सोडू नये. शिकून, नोकरी करून ती लग्नाला उभी राहील तेव्हा, मी कुठेही असले तरी एसटीत बसून येईन आणि ती नवरी मीच सजवीन. टोनर तिने मागितला तरच.