काढ्यातला गूळ

तिसरी नळीही पिवळी झाली होती. मुक्ता ती उजेडासमोर धरून बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, हे शक्यच नाही."

मला इथे बाकी सगळे कानडी पद्धतीने अक्का म्हणतात. मुक्ता नागपूरची, तिच्या तोंडी काकूच येतं. मी दहावी शिकलेली. राजाजीनगरात एका आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात सत्तावीस वर्षं काढे-चूर्णं केली. आता एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत आठवड्यातून तीन दिवस जाते. दात किडू नयेत म्हणून झाडपाल्यापासून माउथवॉश करायचा, असं तिथलं काम. काढा माझा, टेस्टिंग मुक्ताचं.

त्या नळ्यांचं आधी सांगते. दात किडवणारे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताला पोखरतं. पेरूच्या पानांत आणि बाभळीच्या सालीत जे तुरट असतं, ते जंतूंना दाताला चिकटू देत नाही, आम्लही फारसं करू देत नाही, असा आमचा अंदाज. मुक्ता नळीत एक जांभळा रंग घालते. आम्ल झालं की तो पिवळा होतो. पहिल्या नळीत जंतू आणि साखर. ती पिवळी होणारच. दुसरीत जंतू, साखर आणि पातळ केलेला काढा. ती जांभळी राहिली तर आपण जिंकलो. तिसरीत जंतू आणि काढा, साखर नाहीच. खायलाच नाही तर आम्ल कुठून होणार? पण झालं होतं.

शुक्रवारी पैसे गुंतवणारे लोक बघायला येणार होते आणि हा मंगळवार. आमचा बॉस निखिल, पुण्याचा. पोरगा चांगला, पण घाईचा.

"आधीच्या तिन्ही बॅचेस ओके होत्या ना? मग ह्याच बॅचला काय झालं? अक्का, काढ्यात काय काय घातलं?"

"साल, पानं, पाणी," मी ठसक्यात म्हणाले. "सत्तावीस वर्षांचा हात आहे माझा. तो चुकायचा नाही."

"मग टेस्टिंगलाच गडबड झाली असणार. मुक्ता, नळ्यांत बाहेरचं काही गेलं का? तुझं कन्फर्मेशन लेटर या आठवड्यात काढणार होतो. आता थांबू या स्वल्प."

स्वल्प म्हणजे थोडं. कानडी येवढंच येतं त्याला, आणि तेही नको तिथे वापरतो.  मुक्ता मारतहळ्ळीत तिघींत एक खोली घेऊन राहते. ते लेटर आलं की धाकट्या बहिणीला शिकायला इकडे आणणार होती.

बुधवारी सकाळी मी आले तर ही माझ्या आधी हजर. डोळे सुजलेले.

"काकू, मी माझं सगळं दोनदा तपासलं. आता तुमचं बघू द्या. सांगू नका, करून दाखवा."

"अगं, काय दाखवायचं त्यात?"

"दाखवा तर खरं."

आधीच्या बॅचेस छोट्या, त्या लॅबमधल्या शेगडीवर झाल्या होत्या. ही मोठी होती म्हणून पँट्रीतल्या गॅसवर केली होती. तिथेच जाऊन उभी राहिले. रिकामं पातेलं ठेवलं. "साल कुटली. पानं धुतली. आठपट पाणी. मंद आच. आता उकळी फुटली..." असं म्हणत माझा हात आपसूक डावीकडच्या फळीवर गेला आणि एका डब्याच्या झाकणावर थांबला.

गुळाचा डबा.

आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो.

आमच्याकडे कषाय, म्हणजे काढा, बिनगुळाचा होतच नाही. उकळी फुटली की लिंबाएवढा खडा टाकायचा. घरी नवऱ्याला, दुकानात गिऱ्हाइकाला, आयुष्यभर तेच. लॅबमध्ये शेजारी डबा नव्हता म्हणून हात गप्प होता.

"बाप्पा," मुक्ता हळूच म्हणाली. "आपणच जेवू घातलं त्यांना."

हसू आलं खरं, पण ते टिकलं नाही. काल मी छातीठोक बोलले आणि बोलणी या पोरीने खाल्ली. तशीच निखिलकडे गेले.

"गूळ मी घातला. मुक्ताची काही चूक नाही."

"अक्का! दात किडू नयेत म्हणून काढा, आणि त्यात गूळ?"

"हो. आणि लेटर थांबवायचं तर माझं थांबव."

"तुम्हाला लेटर दिलंच कुठेय मी?"

"मग तिचं काढ."

त्याने पेन फिरवलं. मग म्हणाला, "शुक्रवारी आधीच्या बॅचेसचे जुने फोटो दाखवू."

दारातून मुक्ता म्हणाली, "नको सर. आज काढा, उद्या नळ्या. जे येईल ते दाखवू."

त्या दिवशी मी पुन्हा लॅबमध्येच उकळलं, थोडं थोडं करून चार वेळा. मुक्ता शेजारी उभी राहून माझा प्रत्येक हात लिहून घेत होती. शुक्रवारी तिसरी नळी लख्ख जांभळी होती. दुसरी मधलीच, मळकट जांभळी. निखिलचा चेहरा पडला. पण मुक्ताने पाहुण्यांना सरळ सांगितलं, आम्ल कमी झालंय, थांबलेलं नाही. आणि नळी म्हणजे तोंड नव्हे. त्यांनी पैसे लगेच दिले नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणाले. लेटर मात्र सोमवारी निघालं.

काढ्याची माझी कृती मी सुरुवातीलाच स्वतः लिहून दिली होती, आणि तिच्यात गूळ नव्हता. खोटं नव्हतं लिहिलं. मला माहीत होतं ते लिहिलं, हाताला माहीत होतं ते राहिलं. म्हणून कुणाकडून कृती घ्यायची तर त्याला लिहायला लावू नका, शेजारी उभे राहा.

आता आमच्या बॅचच्या कागदावर 'काय घालायचं नाही' असा रकाना आहे. त्यात पहिलं नाव गुळाचं. नवी मुलं ते वाचून हसतात. डबा अजून पँट्रीतच आहे, फक्त मुक्ताने तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय. तिथे माझा हात पोचत नाही.