एका नळीचा चहा

त्यानं नळी पुसली. खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, आणि मी प्यायलेली नळी वरपासून खालपर्यंत पुसली. दोनदा. मग प्यायला.

ब्युनोस आयर्समधल्या एका हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही आठजण गोल बसलो होतो. संध्याकाळचे पाच. खाली रस्त्यावर ढोल वाजत होते. तिकडे माते नावाचा कडू चहा पितात. एकच भांडं, त्यात धातूची एकच नळी. हॉस्टेल चालवणारी ग्रासिएलाबाई गरम पाणी ओतते, एकाच्या हातात देते. त्यानं संपवून तिला परत द्यायचं. ती पुन्हा भरते, पुढच्याला देते. नळी तीच. कुणी पुसत नाही. पुसणं म्हणजे शेजाऱ्याला घाणेरडा म्हणणं.

माझ्यानंतर त्याचा नंबर. ठाण्याचा आर्किटेक्ट, पस्तिशीतला, पाठीला बॅग लावून सहा महिने जग बघायला निघालेला. पहिल्या फेरीत माझ्यानंतर तो न पुसता प्यायला होता. दुसऱ्या फेरीत पुसली. मधल्या वेळात एकच गोष्ट घडली होती. त्याला आमची जात कळली होती.

मी तिथे कसा, ते सांगतो. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कारकून. एकतीस वर्षं कागदांवर जगभरच्या बंदरांची नावं लिहिली. प्रत्यक्ष पाहिलेली बंदरं दोन, उरणचं मोरा आणि भाऊचा धक्का. मुलगी स्पॅनिश शिकली. त्या हॉस्टेलात रिसेप्शनवर बसायची, बदल्यात राहायला बेड मिळायचा. म्हणाली, "पप्पा, या ना पंधरा दिवस." गेलो. चोपन्नाव्या वर्षी पाठीवर भाच्याची ट्रेकिंगची बॅग, तिच्यात लसणाची चटणी आणि बीपीच्या गोळ्या. आठ बेडच्या खोलीत खालचा बेड माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या फ्रेंच पोरानं मला कानात घालायचे बोळे दाखवले. मला वाटलं, भेट देतोय. थँक्यू म्हणून खिशात टाकले. माझ्या घोरण्याची तक्रार होती, हे मुलीनं नंतर सांगितलं.

तर ठाणेकर भेटला तेव्हा मला आनंदच झाला. इतक्या लांब कुणीतरी "काका" म्हणालं. पहिली फेरी झाल्यावर त्यानं सुरुवात केली.

"काका, मूळचे पनवेलचेच का?"

"पनवेलच्या पुढे गाव आमचं. आता राहायला सुकापूरला."

"आडनावावरून कळत नाही हो. कुलदैवत कोणतं तुमचं?"

हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर तयार असतं.

"जेजुरीचा खंडोबा," मी म्हणालो.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, "नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"अच्छा, अच्छा. छान," तो म्हणाला.

आणि मग तो रुमाल.

ग्रासिएलाबाईचा हात थांबला. तिनं मुलीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारतेय, तुझ्या पप्पांना बरं नाही का?"

इथे मी काय केलं ते नीट सांगायला हवं. पुसणाऱ्याचं सगळेच सांगतात. मी खोकलो. खोटं खोटं. म्हणालो, "सांग तिला, सर्दी आहे जरा. माझंच चुकलं." वर हसलोही. आमच्या घरी लग्नकार्यात लोकांना हसवायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे हसणं मला कधीही जमतं. त्याच्या रुमालाला कारण मी पुरवलं.

मुलीनं भाषांतर केलं नाही. मग मीच छातीवर हात ठेवून पुन्हा खोकलो. ते कुठल्याही भाषेत कळतं.

बाई उठून खाली गेली. लिंबू आणि मध घातलेला गरम कप घेऊन आली. माझ्या हातात दिला, खांद्यावर थोपटलं. पुढच्या फेरीत मातेचं भांडं मला ओलांडून गेलं.

माझ्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. त्यांनी तो मागितला नव्हता. मी विमानात बसून, जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, माझा वेगळा कप स्वतः मागून घेतला. आणि प्यायलो. गोड होता.

जिन्यात मुलीनं गाठलं.

"खंडोबा का म्हणालात?"

"अगं, सवय."

"कुठली सवय?"

"यार्डात लागली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात."

"म्हणजे तिथे अजून कुणालाच..."

"नाही."

"आईला माहीत होतं?"

माहीत होतं. ती जाऊन चार वर्षं झाली. यार्डातलं कुणी घरी आलं आणि बुद्धाच्या मूर्तीकडे बघायला लागलं की मी म्हणायचो, शोपीस आहे. ती चहा ठेवायला आत निघून जायची.

"मी शाळेत खरं सांगायचे, पप्पा," मुलगी म्हणाली. "दोघीजणींनी बाक बदलला, तरी सांगितलं. मला वाटायचं, तुम्हीपण सांगत असाल."

त्या रात्री वरचा फ्रेंच पोरगा शांत झोपला असणार. मी जागाच होतो.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सगळे गच्चीवर. ठाणेकर माझ्यापासून लांब, एका जर्मन मुलीच्या पलीकडे बसला. बाईनं माझा कप आधीच आणून ठेवला होता. मी उचलला नाही. मुलीला म्हणालो, "मी बोलतो ते जसंच्या तसं सांग. मऊ करू नकोस."

मग बोललो. "मला सर्दी नाही. काल मी खोटं बोललो. आमच्या आधीच्या पिढ्यांना अस्पृश्य म्हणायचे. ते कळल्यावर ह्यानं नळी पुसली. कळायच्या आधी पुसली नव्हती."

ती एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगत गेली.

"अहो काका, काहीतरीच काय!" ठाणेकर म्हणाला. "हायजीन हो. कोविडनंतर सवय लागलीय. कुठलं कुठे नेता तुम्ही!"

भांडं तेव्हा त्याच्याच हातात होतं. मी जर्मन मुलीकडे बोट केलं. "ही प्यायली आत्ता. पूस की."

त्यानं पुसली नाही. प्यायलाही नाही. भांडं बाईला देऊन उठला. "सुट्टीवर आलोय मी. इथेपण हेच का!" म्हणाला आणि खाली गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जर्मन मुलगी फोनमध्ये बघत राहिली. एकजण म्हणाला, इतक्या छान संध्याकाळी हे कशाला. बाईनं भांडं भरून माझ्या हातात दिलं. मी प्यायलो. कडू होतं. मुलीनं त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही.

निघायच्या दिवशी विमानतळावर म्हणाली, "बोललात ते बरं केलंत, पप्पा. पण तिथे तुम्हाला ओळखत कोण होतं?"

चोवीस तासांच्या प्रवासात तोच प्रश्न बरोबर होता.

सोमवारी मी यार्डात हजर होतोय. दुपारी एक वाजता आम्ही सहाजण एका टेबलावर डबे उघडतो. भली माणसं आहेत. बायको आजारी होती तेव्हा पाळीपाळीनं हॉस्पिटलात बसली. आणि जेवताना हीच माणसं आमच्या लोकांवर जोक करतात. कोण फुकट खातं, कुणाला आयती नोकरी मिळते. एकतीस वर्षं मी त्या जोकना हसलोय. कधीकधी सगळ्यांत मोठ्यानं.

सोमवारी डबे उघडायच्या आधी सांगणार आहे. मी बौद्ध आहे. जेजुरीचं खोटं होतं. तुमची भीती वाटायची म्हणून बोललो, आणि तुम्ही जेवताना जे बोलता ते ऐकून ती भीती वाढत गेली.

कुणाला उठायचं असेल त्यानं उठावं. मी जेवणार. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत, त्याच टेबलावर. मंगळवारीही तिथेच.