कन्हानच्या पात्रातलं वाळवंट

राजस्थानच्या वाळवंटासाठी केलेली चटई मी कन्हान नदीच्या पात्रात तपासली आणि पास करून टाकली.

चटई म्हणजे निजायची नव्हे. लष्कराच्या मालमोटारी वाळूत रुतल्या की चाकांपुढे अंथरायची, जाड तारेनं विणलेली आणि गुंडाळून गाडीत ठेवता येईल अशी. बांगलादेशच्या लढाईला दोन-तीन वर्षं झाली होती. लहान कारखानदारांनीही लष्कराच्या वाहतुकीसाठी काही नवं शोधून काढावं, त्याचा खर्च सरकार देईल, अशी एक योजना निघाली होती. माझ्याकडे अभियांत्रिकीची पदवी होती, नागपूरच्या सदरमधल्या एका कचेरीत बसून पंप खपवायची नोकरी होती आणि डोक्यात भरपूर मोकळी जागा होती. कारखाना तेवढा नव्हता. तो सासऱ्यांकडे होता.

सासरे चाळण्या करत. इतवारीतल्या धान्याच्या व्यापाऱ्यांना लागतात तशा. तुरीची वेगळी, जवसाची वेगळी, गव्हाची वेगळी. शेडमध्ये तारेची जाळी विणणारे चार माग होते. घर त्या चार मागांवर चालायचं, धाकट्या मेहुणीचं कॉलेज त्यांच्यावर चालायचं, आणि माझ्या बोटातली अंगठीही त्या चाळण्यांतूनच गळत गळत माझ्यापर्यंत पोचली होती.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलावलं गेलं. अनारशांचं ताट माझ्यापुढे ठेवून सासरे रीतीप्रमाणे म्हणाले, "जवाईबापू, मनात काही असन तं सांगून टाका."

हे सासऱ्यानं विचारायचं असतं आणि जावयानं "काही नको" म्हणायचं असतं. एवढं कळायला पदवी लागत नाही. नसती तर कळलंही असतं. मी म्हणालो, "मामाजी, मला माग द्या. चारही."

त्यांच्या हातातला अनारसा हातातच राहिला. "चारही?"

"दोनावर काम अर्धवट दिसेल. सरकारी माणूस पाहायला आला, की त्याला भरगच्च वाटलं पाहिजे."

"जाड तार विणाची म्हटलं तं मागातल्या तार ओवाच्या फण्या बदलवा लागतीन. मंग त्या मागावर बारीक जाळी निघत नाई."

"पण ती काढायचीच कशाला आता?"

बायको वाढत होती. ती म्हणाली, "वाळवंट कधी पाह्यलं आहे का तुम्ही?"

"नकाशात पाहिलंय."

"नकाशात तर सगळंच सपाट राहते."

सासऱ्यांनी तिला नजरेनंच गप्प केलं. "जवाईबापू शिकलेले आहेत. तुमी म्हणान तसं." आमच्याकडे त्या महिन्यात जावयाला देवाच्या जागी मानतात. देव निदान मुका असतो.

मंजुरी आली, तार आली, फण्या बदलल्या. जुन्या फण्या कोपऱ्यात जागा अडवतात म्हणून त्या भंगारात घालायची सूचना माझीच. इतवारीची माणसं काही दिवस चाळण्या मागायला येत राहिली. "आता आम्ही संरक्षणाच्या कामात आहोत," असं मी त्यांना सांगायचो, आणि ती माझ्याकडे बघून सासऱ्यांना नमस्कार करून जायची. पुढे यायची थांबली. कटकट गेली म्हणून मला बरंच वाटलं.

नमुना पाठवण्याआधी आपली चाचणी आपणच घ्यायची होती. जागा मी निवडली. उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रात डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, असतात; वाळूत आळी करून वेल लावतात आणि सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी घालतात. तिथे रखवालदाराच्या झोपडीची सावली होती आणि डांगरं होती. याखेरीज दुसरी कोणतीही शास्त्रीय कसोटी मी जागेला लावली नाही.

विटा भरलेला भाड्याचा ट्रक वाळूत घातला. चाकं रुतली. आम्ही चटई अंथरली, चालकानं गिअर टाकला आणि ट्रक बाहेर आला. पुन्हा घातला, पुन्हा आला. मागावरच्या एका कारागिरानं दुसऱ्याला हळूच म्हटलेलं मी ऐकलं, "काहून गा, याचं तं खरंच चालून राहिलं."

तेवढ्यावर मी चाचणी संपवली आणि डांगर चिरलं. रोज पाणी पिऊन ती वाळू खालून ओटीवरच्या सारवणासारखी घट्ट झालेली होती. चटई न टाकता ट्रक निघतो का, हे पाहायचं मला सुचलं नाही. चटई होती ना? मग तिच्याशिवाय काय होतं ते कशाला पाहायचं?

राजस्थानला आम्ही दोघे गेलो. सासऱ्यांनी लग्नातला कोट घातला होता, एवढ्या उन्हात. गाडीत त्यांनी दशम्यांचा डबा उघडून आधी मला वाढलं, स्वतः कडेला बसून मला खिडकीशी बसवलं, आणि शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, "आमचे जवाई. मिलिट्रीसाठी शोध लावून राहिले."

तिथली वाळू मुठीत धरली तर पिठासारखी बोटांतून निघून गेली. मी हात झटकून मोकळा झालो. चाचणी घेणारे लष्कराचे साहेब खुर्ची टाकून बसले. जवानांनी चटई अंथरली. चालकानं इंजिन चढवलं, चाक फिरलं, आणि चरकातून उसाचं चिपाड निघावं तशी आमची चटई मागच्या बाजूनं बाहेर उडाली. ती साहेबांच्या खुर्चीपासून थोडी अलीकडे पडली. ट्रक होता तिथेच, पण आणखी खोल.

चालकानं इंजिन बंद केलं. साहेबांनी मला विचारलं, "कहाँ टेस्ट किया था?"

"नदी में, सर."

"रेगिस्तान की चीज़ नदी में?"

सासरे एक पाऊल पुढे आले. कोटाची गुंडी लावत म्हणाले, "हमारी नदी में रेतीच रेती है साहब. पानी तो नाम का है."

साहेब हसले नाहीत. त्यांनी आम्हाला चहा पाजला, आणि दुरुस्ती करून पुन्हा एकदा या म्हणाले. भला माणूस होता. त्यानं तेव्हाच हाकललं असतं तर बरं झालं असतं.

पहिली उडाली म्हणून दुसरी मी जड केली. इतकी जड, की उचलायला चार जवान लागले. ती उडाली नाही, बुडाली. चाकासकट खाली गेली. ट्रक जवानांनी खणून काढला. चटईपैकी बरीचशी अजून तिथेच असावी. पुढे सरकारनं संशोधन संपल्याचं कळवलं आणि त्यातून उपयुक्त माहिती हाती आली असंही म्हटलं. ती माहिती म्हणजे मी.

चाळण्यांची कमाई केव्हाच थांबली होती, त्यामुळे बारीक फण्या पुन्हा करवून घ्यायची ऐपत उरली नव्हती. तरी गिऱ्हाईक आहे का ते बघू म्हणून सासरे इतवारीत गेले, मीही मागोमाग. ज्या व्यापाऱ्याला त्यांनी वीस-बावीस वर्षं चाळण्या पुरवल्या, तो गादीवरून उठून त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आमी दुसरीकडून घेऊन राहिलो आता. तुमी तं मिलिट्रीवाले झाले ना."

सासरे "बरोबर आहे" म्हणाले. रस्त्यानं परतताना ते माझ्याशी हवापाण्याचं बोलले. मला कुणी एका शब्दानं दोष देत नव्हतं, तेच सगळ्यात वाईट. कारागीर एकेक करून गेले. मेहुणीनं कॉलेज सोडलं आणि टायपिंगच्या वर्गाला जायला लागली. सासरी गेलो की ताट आधी मलाच येई, आणि माझ्या ताटातलं तूप पूर्वीइतकंच असे. इतरांच्या ताटाकडे मी पाहत नसे.

माग भंगारवाल्यानं हातगाडीवर घालून नेले, त्या दुपारी आम्ही दोघे रिकाम्या शेडमध्ये पोत्यावर बसलो होतो. मागांच्या जागी जमिनीवर तेलाचे काळे चौकोन होते. सासरे एका चौकोनावर पायानं माती ओढत होते. शांतता मला सोसत नाही, आणि सोसेनाशी झाली की मला योजना सुचतात.

"मामाजी," मी म्हणालो, "कूलर. नागपूरचा उन्हाळा काही कुठं पळून जात नाही. शेड आहेच. एक पंखा, एक टाकी, तिन्ही बाजूंनी वाळा..."

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, अगदी पंप कुठला घ्यायचा इथपर्यंत. मग विचारलं, "तुमची ते नोकरी आहे का अजून?"

"सोडली ना मी. चटईच्या वेळीच."

ते उठले, धोतर झटकलं, आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, "मंग आता सरकारी पाहा, जवाईबापू. सरकार बहुत मोठं आहे. तुमच्या एकट्यानं बुडत नाई."