क्षितिजावरची निळी पट्टी

यासुगोरोला एका जागी बसवत नसे. जपानच्या एदो शहरात, चित्रं छापायच्या आमच्या कारखान्यात मी लाकडी ठसे कोरायचो, तो छापायचा. चित्रांतलं आभाळ आणि पाणी त्याच्याकडेच. ओल्या फडक्यानं ठशावरचा रंग असा पुसायचा, की गडद निळा विरत विरत कागदाच्या पांढऱ्यात मिसळून जाई. पण चार कागद झाले की उठून दाराशी.

"बूड भाजतं का रे तुझं?" मी म्हणायचो.

"तू आपलं लाकूड कोर."

मग शिनागावाच्या खाडीचं चित्र छापायला आलं. अगदी पुढ्यात पाइनचं जाडजूड खोड, शेंडा कागदाबाहेर कापलेला. त्याच्याआड तांदळाएवढी होडी. खोड इतकं अंगावर येई, की समुद्र आणखीच दूर पळे. क्षितिजावर गडद निळी पट्टी.

यासुगोरोचा धाकटा भाऊ सेइकिची त्याच खाडीतून मासेमारीला गेला, तो परतलाच नव्हता. ती पट्टी छापताना यासुगोरो रंग पुन्हा पुन्हा पुसायचा. कागदामागून कागद वाया.

"दार लावून घेतल्यासारखी आहे ही रेघ," असं म्हणून तो काम टाकून तडक शिनागावाला गेला.

परतला तो थेट ठशाशी बसला. निळा रंग फक्त अलीकडच्या पाण्यात आणि वर आभाळाच्या कडेला ठेवला. क्षितिज पुसून कोरं केलं. होडी पांढऱ्यात तरंगू लागली.

मालक वाहेई कडाडले, "क्षितिज कुठं गेलं?"

"सकाळच्या धुक्यात ते नसतंच, मालक. बघून आलो."

"गिऱ्हाइकाला समुद्र हवाय, धुकं नव्हे! पट्टी घाल."

"मग दुसरा माणूस बघा."

तो एक कागद उचलून चालता झाला. मी त्याच्यामागे घरी गेलो. त्याच्या आईनं कागद उजेडात धरला.

"यासू, ही होडी येतेय की जातेय?"

"कळत नाही, आई."

"मग बरं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

वाहेईंनी दुसऱ्याकडून पट्टी घालून घेतली. चित्र चांगलं खपलं. आई गेल्यावर यासुगोरोनं एदो सोडलं. किनाऱ्यावरच्या गावांत थोडे थोडे दिवस काम करत राहिला. शेवटचं कानावर आलं ते एवढंच, की कुठल्याशा बंदरात होड्या रंगवतो आणि निळी पट्टी ओढायची नाही म्हणून तिथल्या कोळ्यांशी रोज भांडतो.