आफ्रिकेचा नाच

मी आधीच काळी. तरी तव्याची काजळी तेलात कालवून माझ्या तोंडाला फासली.

"अजून लाव," सर म्हणाले. "आफ्रिकेच्या वाटल्या पाहिजेत."

आम्ही भिलांच्या पोरी. धुळे जिल्ह्याच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची आश्रमशाळा. मी नववीत. टेम्पोत कोंबून आम्हाला धुळ्याला आणलेलं. शाळेच्या अध्यक्षांचा तिथे पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. आफ्रिकेतला कुठलासा देश नुकता स्वतंत्र झालेला. तिथला सरकारी पाहुणा पंप बघायला येणार होता. देशाचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही. आफ्रिका. बस.

कमरेला केळीची पानं बांधली. हू हू करत उड्या मारायच्या, एवढंच शिकवलं.

मी म्हणाले, "सर, आमना नाच शे ना. तो करूत?"

सर हसले. "तुमच्यात न् त्यांच्यात फरक काय? उड्या मार."

मंडपात पाहुणा बसलेला. उंच, सुटातला. माझ्याच रंगाचा. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. शेजारच्या नव्या पंपालाही तसाच हार. अध्यक्ष माईकवर बोलले, "आपण भाऊ भाऊ. दोघांनीही गोऱ्यांची गुलामी भोगली." टाळ्या.

मग आम्हाला सोडलं.

लोक खो खो हसले. पाहुण्याचा चेहरा उतरला. त्याने शेजारी बसलेल्या सरांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी अगदी पुढे होते. सरांचं उत्तर मला ऐकू आलं, कळलंही. "ट्रायबल. देअर डान्स." बोट आमच्याकडे.

आम्हाला सांगितलं, नाच त्यांचा. त्याला सांगितलं, नाच आमचा.

माझे पाय थांबले. मी सरळ पाहुण्यापुढे गेले. नववीतलं इंग्रजी, तेवढ्यावरच बोलले. "नो. नॉट अवर डान्स." गाल पुसला. काळा तळवा त्याच्यापुढे धरला.

तो बघत राहिला. "सॉरी," म्हणाला. हळूच.

मला वाटलं, आता हा उठेल. नाही उठला. चहा प्याला. पंपाभोवती फिरला, वाकून बघितलं, अध्यक्षांशी हात मिळवला. त्याच्या देशालाही पाणी हवं असेल. असेलच. पण रंग माझा म्हणून माणूस माझा, असं तेव्हापासून मी धरून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेने माझ्या बाला बोलावलं. पोरीने सगळ्यांपुढे माफी मागावी, नाहीतर घेऊन जा.

बाने हात जोडले. "पोर शे साहेब. माफ करा."

मी त्याचे हात धरून खाली केले. "बा, चूक आपली नही शे. चाल."

बा घाबरला होता. तरी माझ्याबरोबर निघाला. मी दहावी बाहेरून दिली, मजुरी करत.

आजही सभेत कुणी आम्हाला भाऊ-बहिणी म्हणालं की मी आधी बघते, याला विकायचं काय आहे? आम्ही कोण, हे आम्ही सांगू. आमच्या वतीने दुसरं कुणी सांगायला लागलं, की मी तिथेच, सगळ्यांसमोर त्याला थांबवते. थांबवत राहीन.